बारीक माणसालाही मधुमेह का होतो?

‘मी तर बारीक, मला कशाची शुगर?’ असे आपल्या वस्तीत सर्रास ऐकू येते. मधुमेह हा जाड, खात्यापित्या माणसांचाच आजार, ही समजूत घातक आहे. तिच्यामुळे तपासणी लांबते आणि तोवर डोळे, मूत्रपिंड व पायाच्या नसा यांचे नुकसान सुरू झालेले असते.

चरबीची कणगी

घरात धान्यासाठी कणगी असते, तशा शरीरात चरबीच्या पेशी असतात. खाल्लेल्या तेला-तुपाचे बारीक घटक, म्हणजे मेदाम्ले, रक्तातून या पेशींपाशी येतात. जास्तीच्या भाताची आणि साखरेचीही यकृत चरबी बनवते. जेवणानंतर इन्सुलिन या पेशींना सांगते, ‘नवा माल आत घ्या, जुना बाहेर सोडू नका.’ पेशींच्या आवरणावरील प्रथिने मेदाम्ले आत ओढून घेतात. म्हणून चरबीची पेशी ही शत्रू नव्हे, ती राखणदार आहे.

पण कणगी काठोकाठ भरली की पेशी फुगतात आणि इन्सुलिनचे ऐकेनाशा होतात. मेदाम्ले आत कमी जातात, बाहेर जास्त गळतात. मग ती यकृतात आणि स्नायूंत साठतात. तिथेही इन्सुलिनचे काम अडते. स्नायू साखर नीट उचलत नाहीत, यकृत मात्र साखर सोडत राहते. जास्त इन्सुलिन बनवून स्वादुपिंड थकले, की रक्तातील साखर वाढते.

कणगीच लहान असेल तर?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता व बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी टिकून होती. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के!

हातपाय काटक्या आणि पोट पुढे, हे म्हणूनच धोक्याचे लक्षण आहे. त्वचेखाली जागा कमी पडली की चरबी पोटात व यकृतात जाते.

आपण काय करावे?

• टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंमी, स्त्रियांची ८० सेंमीपेक्षा जास्त नको.

• तिशीनंतर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासा. ही तपासणी मोफत असते. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे इशारा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. पुढील उपचारांसाठी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

• रोज अर्धा तास झपाझप चाला. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न पाहता साखर उचलतो.

• भाताचा ढीग कमी करा. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी वाढवा. चहातली साखर आणि तळण कमी करा.

• जडीबुटीच्या नादाने गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका.

अति जेवणाने सुस्तावलेल्या कोसलराजा प्रसेनजिताला तथागतांनी जेवणात मात्रा राखायला सांगितले. राजाने हळूहळू भात कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. बाबासाहेबांनाही अखेरची अनेक वर्षे मधुमेहाने छळले. त्यांचा वारसा चालवायचा तर शरीर राखले पाहिजे. या पौर्णिमेला विहारात जाल, तेव्हा एक टेप सोबत न्या आणि सगळ्यांच्या कमरा मोजा.

जयभीम!