आधी घर, मग घातांक

पोरी, सातवी-आठवीचं गणित तुझ्याकडे आलंय, तर घातांकाच्या धड्यात संख्या प्रमाणित रूपात लिहिणं येईलच. बहुतेक ठिकाणी ते एका तासात उरकतात: टिंब डावीकडे सरकवलं की घातांक वाढतो, उजवीकडे सरकवलं की कमी होतो, घ्या लिहून. चार दिवसांनी निम्मा वर्ग डावं-उजवं उलटं करतो. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांच्याकडून दिशा पाठ करून घेतली, संख्या त्यांना दाखवलीच नाही.

तू टिंब सध्या बाजूला ठेव. फळ्यावर घरं आख. एककाच्या डोक्यावर 0 लिही, दशकावर 1, शतकावर 2, हजारावर 3, दहा हजारांवर 4, लाखावर 5, दशलक्षावर 6, कोटीवर 7. मग एककाच्या उजवीकडे दशांशावर −1, शतांशावर −2, सहस्रांशावर −3, असं पुढे. हाच तक्ता कार्डशीटवर करून महिनाभर भिंतीला राहू दे. आता प्रश्न एकच विचारायचा: शून्य सोडून पहिला अंक कुठल्या घरात बसलाय? चंद्र पृथ्वीपासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. यातला 3 लाखाच्या घरात, लाखावर 5 लिहिलंय, म्हणून 3.844 × 10⁵. लाल रक्तपेशीचा व्यास साधारण 0.0000075 मीटर. यातला 7 टिंबानंतरच्या सहाव्या घरात, म्हणून 7.5 × 10⁻⁶. मोठ्या संख्येला एक नियम आणि लहान संख्येला दुसरा, ही भानगडच उरत नाही. आणि एक गोष्ट मुद्दाम दाखव. या तक्त्याचा मध्य टिंबावर नाही, एककावर आहे. शतक आणि शतांश एककापासून सारखेच लांब. हे मुलांना दिसलं की 10⁰ म्हणजे 1 कसा, हा प्रश्नही तिथेच मिटतो.

‘घातांक म्हणजे शून्यं मोजायची’ हे वाक्य मात्र वर्गात तोंडून जाऊ देऊ नकोस. नुसत्या 10⁸ पुरतं ते खरं आहे. पण 3.844 × 10⁵ उलगडताना मुलगा 3844 लिहून पुढे पाच शून्यं ठोकतो आणि चंद्र हजारपट लांब जातो. अशी वही समोर आली की फुली मारायच्या आधी विचार, ‘तुझा 3 कुठल्या घरात गेला रे?’ तो मोजतो, दहा कोटींच्या घरात सापडतो. ‘आणि घातांक कुठलं घर सांगतोय?’ लाखाचं. पुढचं खोडणं-लिहिणं तो आपणहून करतो.

स्वल्पविराम पुसून टाकायला लाव. आपण पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोनावर देतो, इंग्रजी विज्ञानाच्या पुस्तकांत तीन-तीनावर असतात. स्वल्पविराम मोजून घातांक काढायची सवय लागली तर घोळ ठरलेलाच.

कुणी 38.44 × 10⁴ लिहिलं तर ते चूक म्हणून कापू नकोस. ‘किंमत बरोबर, रूप बदल’ असा शेरा दे. मात्र टिंबाआधी एकच अंक, तोही शून्य नसलेला, एवढी शिस्त कशासाठी, हे पटवून दे. 9 × 10⁷ आणि 2 × 10⁸ शेजारी लिही. पहिली मोठी म्हणणारी बरीच निघतील, कारण नजर आधी 9 वर जाते. शिस्त पाळली की नुसत्या घातांकावरून मोठं-लहान ठरतं. उणे घातांकात जास्त जप. केसाची जाडी सुमारे 7 × 10⁻⁵ मीटर, रक्तपेशी 7.5 × 10⁻⁶. यात मोठं कोण? बोलू नकोस, तक्त्याकडे बोट दाखव. उणे घातांक म्हणजे संख्याच उणे, असं वाटणारीही असतात. केसाची जाडी शून्याहून कमी असेल का, एवढंच त्यांना विचार.

बेरजेत 3 × 10⁵ + 4 × 10⁴ चं उत्तर 7 × 10⁹ येतं. तोंडाने वाचायला लाव, तीन लाख आणि चाळीस हजार. पुरतं तेवढं.

आता गोडी लावायची गोष्ट. पावसाळ्यात घरोघरी बातम्यांत टीएमसी ऐकू येतं. एक टीएमसी म्हणजे 10⁹ घनफूट. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे 105 टीएमसी, म्हणजे 1.05 × 10¹¹ घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर पाणी. गुणाकार मुलांना करू दे, जवळपास 3 × 10¹² लिटर येतील. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11,23,74,333 होती, म्हणजे 1.12 × 10⁸. भागाकार केला की माणशी सव्वीस-सत्तावीस हजार लिटर. हे आकडे शून्यं लिहून करून बघायला सांग, मग ही पद्धत कशाला हवी ते तुला सांगावं लागणार नाही. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. त्यात 10¹² ला महापद्म म्हटलंय. कोयनेत तीन महापद्म लिटर पाणी मावतं, हे मुलं घरी जाऊन सांगतातच.

शेवटचा तास सूर्यासाठी राखून ठेव. सूर्य पृथ्वीपासून 1.5 × 10¹¹ मीटरवर, प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 × 10⁸ मीटर. प्रकाश यायला वेळ किती लागेल? वही-पेन मिटवून तोंडी करू दे. 1.5 ला 3 ने भागून 0.5 येतं, घातांकांची वजाबाकी 3, उत्तर 0.5 × 10³. इथे वर्ग अडकतो, कारण टिंबाआधी शून्य आलं. तू पुढे होऊन सोडवू नकोस, वाट बघ. कुणीतरी 5 × 10² म्हणेल, दुसरं कुणी पाचशे सेकंद म्हणेल, आणि आठ मिनिटं वीस सेकंद काढायला मग सगळाच वर्ग धावेल.