तुंबली नाही, तरी टाकी उपसावी का?

प्रश्न : आमची सेप्टिक टाकी बारा वर्षांत एकदाही उपसलेली नाही. काही त्रास नाही. दोघे जण स्वस्तात टाकीत उतरून साफ करायला तयार आहेत. करून घ्यावी का?

उत्तर : उपसा जरूर करा, पण माणूस आत उतरवू नका. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो, आणि उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. वाचवायला गेलेलाही जातो. 2013 च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे; पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नगरपरिषदेकडे सक्शन गाडीची मागणी नोंदवा.

त्रास नाही म्हणता, पण तळाचा गाळ वाढला की घाण न निवळता शोषखड्ड्यात जाते, जमिनीची छिद्रं बुजतात. म्हणूनच वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता, तीन वर्षांतून एकदा उपशाचं वेळापत्रक आखलं. गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार, हेही विचारा. ओढ्यात नव्हे, प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे. आणि जवळ विहीर असेल तर अंतर मोजा : भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब हवा.