नळाची वेळ आणि बिलावरचं नाव

माझं माहेर घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर. सासर मुलुंडच्या सोसायटीत. मधली बरीच वर्षं उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये बचतगटाच्या बैठका घेण्यात गेली. बैठक कर्जाची असो की रेशनकार्डाची, थोड्या वेळाने पाण्यावर यायचीच. त्यातून जे कळत गेलं, ते लिहिते आहे.

१. पाणी किती येतं हे विचारण्याआधी कधी येतं ते विचारा.

मुंबईला सात तलावांतून रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. ते एकदम सगळीकडे सोडता येत नाही. म्हणून विभाग पाडलेले आहेत. घाटकोपर, वेरावलीसारखे जलाशय भरतात, मग चावीवाला एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरलेल्या वेळाने बंद करतो. वॉर्ड ऑफिसला हे निव्वळ वेळापत्रक वाटतं. वस्तीत त्यावर बायकांची नोकरी ठरते. पहाटे चारला पाणी आलं, तर झोप मोडून का होईना, भरून होतं आणि सहाला कामावर निघता येतं. तेच सकाळी दहाला येऊ लागलं, तर धुण्याभांड्याची दोन घरं सुटतात. नाहीतर थोरल्या मुलीची शाळा बुडते. घरात तिच्याच वयाचा मुलगा असला तरी बुडते मुलीचीच, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता विचारतही नाही.

साहेबांपुढे आम्ही कायम ‘फोर्स नाही, फोर्स नाही’ करायचो. एकदा असल्फ्याच्या एका मावशीने सरळ सांगितलं, “फोर्स राहू दे साहेब, तुम्ही टाइम बदलून द्या.” त्यासाठी नवं धरण बांधावं लागत नाही. पण पाण्याच्या नियोजनात बाईचं घड्याळ धरतंय कोण?

२. लिटर हंड्यांत मोजा.

महापालिकेच्या हिशेबात अनेक वर्षं इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असं प्रमाण धरलं गेलं. हे अन्यायाचं आहे, हे सगळेच म्हणतात. मला त्याच्या आतला दुसरा हिशेब दिसतो. पाच माणसांचं घर म्हणजे २२५ लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला, तर पंधरा हंडे. डोंगरउतारावर पाणी वरच्या घरांपर्यंत चढत नाही, तेव्हा खालच्या नळावरून पायऱ्या चढून पंधरा खेपा, आणि दर खेपेला भांड्याच्या वजनासकट पंधरा किलोंहून जास्त ओझं. काही वर्षांपूर्वी असल्फ्याच्या डोंगरावरची घरं रंगवली. मेट्रोतून फोटो झकास येतो. खेपा होत्या तेवढ्याच आहेत.

आणि ४५ लिटर सगळ्यांना सारखे. बाळंतीण, पाळी आलेली मुलगी, अंथरुणाला खिळलेली सासू यांच्या जादा धुण्याला त्यात जागा नाही. मग ते पाणी येतं कुठून? बाईच्या स्वतःच्या अंघोळीतून.

३. बिलावर कोणाचं नाव आहे ते बघा.

वस्तीत बहुतेक ठिकाणी नळ गटाचा असतो. पाचदहा घरं मिळून एक जोडणी, एक मीटर आणि एक सेक्रेटरी. सेक्रेटरी बहुधा पुरुष. दारोदार फिरून वर्गणी गोळा करणारी बहुधा त्याची बायको. बिल मात्र सेक्रेटरीच्या नावाने येतं आणि वॉर्ड ऑफिसला बोलायचा मान त्याचा. गटात भांडण झालं की सगळ्यात आधी नळ तुटतो तो एकट्या बाईचा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा बाईचा. नावाचा कागदच नसतो, मग दाद कशाच्या जोरावर मागणार? तिला पाणी शेजारच्याकडून विकत घ्यावं लागतं. वस्तीच्या दराने महापालिकेचं हजार लिटर पाणी दहा रुपयांच्याही आत पडतं. वीस लिटरच्या एका कॅनला त्याहून जास्त पैसे मोजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनातलं (एसआरएचं) घर मिळताना नवराबायको दोघांचं नाव लागतं. ते घर मिळेपर्यंत ज्या नळावर संसार चालतो, त्याच्या कागदावर दोघांचं नाव का नको, याचं पटणारं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

४. निकाल लागला म्हणजे नळ लागला असं नाही.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांनाही ते नाकारता येणार नाही. दर जास्त लावायची मुभा ठेवली, पण पाणी द्या म्हटलं. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं मे २०२२ मध्ये. मधली सात वर्षं खेपा चालूच होत्या. धोरण आल्यावरही अर्ज, कागदपत्रं, प्लंबरचा खर्च हे सगळं आहेच. अर्ज घेऊन जायचं तर ऑफिसच्या वेळेत जायचं. रोजावर काम करणाऱ्या बाईला एका फेरीला एका दिवसाची मजुरी पडते. म्हणून आम्ही पाच घरांचे अर्ज एकीबरोबर पाठवायचो आणि तिचा खाडा बाकीच्या चौघी वाटून भरायच्या.

५. मोर्चात पुढे, चर्चेत मागे.

गोरेगाव, बोरिवली, मुलुंड हे भाग बृहन्मुंबईत आले १९५७ साली. महापालिकेत आलो म्हणून पाणी लगेच आलं नाही. गोरेगावातून १९६१ साली निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनी त्यासाठी इतके मोर्चे काढले की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’च म्हणू लागले, आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेवर पाठवलं. आता महापालिकेत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरी हंडा मोर्चाचं दृश्य मी पाहते आहे तेच आहे. पेपरातल्या फोटोसाठी बायका पुढे, आणि साहेबांनी शिष्टमंडळ बोलावलं की आत जाणाऱ्यांत चार भाऊ आणि एक ताई. आम्ही नंतर नियम केला, जी पाणी भरते तीच आत जाईल. भाऊ रुसले. रुसू देत. व्हॉल्व्हची चावी हातात असलेली बाई मात्र मला अजून भेटायची आहे.

६. आपलं पाणी कुठून येतं ते माहीत असावं.

तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतो आणि बायका विहिरीच्या तळाशी वाट्या घेऊन बसतात. जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असं तरी लिहिलेलं आहे. आमच्या वस्तीत तशी समितीच नाही.

७. सोसायटीत राहायला आलं म्हणून प्रश्न सुटत नाही.

सोसायटीच्या कमिटीत दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. आमच्याकडे त्या दोघींकडे हळदीकुंकू आणि गणपतीची सजावट. पंप, टाकी साफ करणं आणि टँकरचा ठेका काकांकडे. टाकीत पाणी किती दिवस पुरेल ते काकूंना विचारा, बरोबर सांगतात. पण तो प्रश्न कमिटीत त्यांना कोणी विचारत नाही.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अंधेरीला वेरावलीची मोठी जलवाहिनी फुटली. अंधेरी, जोगेश्वरीपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी भाग काही दिवस कोरडा राहिला. आमच्याकडे पाणी होतं. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या वहिनी घाटकोपरच्या, त्यांच्या घरी थेंब नव्हता. त्या आमची भांडी आमच्या पाण्याने घासून रिकाम्या हाताने घरी जात होत्या. कामाला येणाऱ्या बायकांना जाताना एकेक कॅन भरून नेऊ द्यावा, असं मी कमिटीत सांगितलं. एक काका म्हणाले, “उद्या सगळी वस्ती येईल.” वस्ती आली नाही, त्या तिघी-चौघीच आल्या. ठराव आजही झालेला नाही. वॉचमनला आम्ही दोघीतिघींनी परस्पर सांगून ठेवलं आहे, आणि तो अडवत नाही.