डोळ्यातला थेंब छातीपर्यंत

डोळ्यात टाकलेलं औषध डोळ्यातच राहतं, असं आपण सगळेच धरून चालतो. तसं नसतं. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून ते नाकात उतरतं, तिथल्या पातळ अस्तरातून रक्तात शिरतं आणि हृदयाला, फुप्फुसांना जाऊन भिडतं. हृदयविकार आणि दमा अशी दोन्ही दुखणी ज्यांच्या वाट्याला आली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दमा मला लहानपणापासूनचा. माहेर देवासचं, आणि आता राहणंही तिथेच. गायक कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, म्हणून "तुलाही ही हवा मानवेल" असं आजी सांगायची. कुमारजी बरे झाले त्यात स्ट्रेप्टोमायसिनचाही वाटा होता, हे ती सांगत नसे. आणि हवा तरी आता तशी कुठे राहिली? गहू निघाला की शेतात उरलेली धसकटं, म्हणजे नरवाई, पेटवतात, तिचा धूर. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन काढतात, त्याची धूळ. या दोन्ही हंगामांत दम्याचा पंप हाताशीच ठेवावा लागतो.

साठीनंतर हार्ट अटॅक आला. इंदूरला स्टेंट बसवला. ॲस्पिरिन आणि बिसोप्रोलॉल सुरू झालं. बिसोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके हळू करणारं औषध; या कुळातली औषधं श्वासनळ्याही आवळू शकतात, म्हणून दमेकऱ्याला ती द्यायची म्हणजे डॉक्टर दहादा विचार करतात. पण माझ्या हृदयाच्या आणि छातीच्या डॉक्टरांनी आपसात बोलून, मुख्यतः हृदयावरच काम करणारं हे औषध अगदी कमी मात्रेत दिलं. ॲस्पिरिनने काहींचा दमा उसळतो, तेही आधी विचारून घेतलं. सगळं छान चाललं होतं.

मग धारला ताईकडे गेले असताना डोळे तपासले. काचबिंदू निघाला. थेंब मिळाले. केसपेपरवर शुगर आणि बीपीची नोंद झाली; दम्याचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. रात्री थेंब टाकून झोपले आणि थोड्या वेळाने छाती आवळल्यासारखी होऊन उठून बसले. श्वासाला शिट्टी लागली होती. पंप घेतला, पुन्हा घेतला. एरवी पंपाने हात थरथरतात, छातीत धडधडतं. त्या रात्री धडधड नाही, आरामही नाही. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर नाडी पन्नासच्याही खाली. भाऊजींनी १०८ला फोन केला. ताईने मात्र फार शहाणपणाचं काम केलं: माझी औषधांची अख्खी पिशवी उचलून गाडीत ठेवली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी एकेक वस्तू बाहेर काढली. डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिव्याखाली धरून त्यांनी विचारलं, "अम्मा, ये टिमोलॉल कब से डाल रही हो?"

टिमोलॉलसुद्धा बीटा ब्लॉकरच, आणि ते हृदय-फुप्फुस असा भेद करत नाही. पंपातलं साल्बुटामॉल श्वासनळ्यांवरच्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसून त्या उघडतं, त्याच कुलपात टिमोलॉल आधी जाऊन बसलेलं. म्हणून पंप लागू पडेना. शिवाय बिसोप्रोलॉलने आधीच हळू केलेलं हृदय त्याने आणखी हळू केलं. मला मास्कमधून इप्राट्रोपियम दिलं. ते दुसऱ्या वाटेने श्वासनळ्या मोकळ्या करतं. टिमोलॉल दम्यात देऊ नये, हे बाटलीसोबतच्या बारीक अक्षरातल्या कागदावर छापलेलं असतं. तो वाचणार कोण?

तेव्हा डॉक्टर दातांचा असो, डोळ्यांचा असो की हाडांचा, खुर्चीत बसल्याबरोबर आपणच सांगायचं: "मला दमा आहे आणि हृदयाचा त्रासही आहे." विचारण्याची वाट पाहू नये. हात थरथरतात किंवा अर्धशिशी आहे म्हणून प्रोप्रानोलॉल देतात, तेही याच कुळातलं. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं काहींचा दमा चेतवतात, अंगात पाणी साठवतात आणि हृदयालाही चांगली नाहीत. बीपीसाठी, हृदयासाठी देतात त्या रामिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. तो दम्याचाच समजून लोक पंप वाढवत बसतात. आमच्या माळव्यात शरद पौर्णिमेला खिरीतून दम्याचं औषध देतात. देणाऱ्यांचा भाव चांगला असतो, पण त्यात काय आहे ते कळल्याशिवाय हृदयरोग्याने घेऊ नये. सोमलतेसारख्या वनस्पतीत एफेड्रिन असतं आणि ते नाडी पळवतं.

धाप हृदयाची की दम्याची, हे घरच्या घरी ठरवायला जाऊ नका. आडवं पडल्यावर वाढणारी, पावलांची सूज आणि दोन-तीन दिवसांत चढलेलं वजन यांच्यासोबत येणारी धाप बहुधा हृदयाची; पण तिलाही शिट्टी असू शकते. श्वासाचा जोर मोजणारं पीक फ्लो मीटर मिळतं, ते घ्या. बरं असताना त्यात फुंकून आकडा लिहून ठेवा. त्रासाच्या वेळी डॉक्टरला तुलना करता येते. पंप चालला नाही, वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा छातीत दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि एक, हे जिवावर बेतू शकतं: असं काही वाचून घाबरून हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडला तर अटॅक येऊ शकतो. मला थेंब बदलून दिले, आता लॅटानोप्रॉस्ट आहे; ते बीटा ब्लॉकर नाही. बिसोप्रोलॉल मात्र डॉक्टरांनी तेच ठेवलं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायलाही त्यांनीच शिकवलं. त्याने औषध रक्तात कमी जातं.