हायलाइट्स की ओम्ब्रे : वर्षाला किती पडतं?

केस रंगवायला निघण्याआधी आरशात दोन गोष्टी बघा : पांढरे केस कुठे आहेत आणि केसांची लांबी किती आहे. भांगात आणि कानशिलांवर पांढरे दिसत असतील, तर हायलाइट्स घ्या. पांढरे नसतील, केस खांद्याखाली उतरत असतील आणि दर दोन-अडीच महिन्यांनी सलूनमध्ये जाणं जमणारं नसेल, तर ओम्ब्रे किंवा बालायाज घ्या. केसांच्या लांबीत जुनी मेंदी किंवा काळा डाय अजून असेल, तर आधी एका बटेवर चाचणी करून घ्या. तोवर कशाचेही पैसे भरू नका.

हायलाइट्समध्ये बारीक बटा वेगळ्या काढून फॉइलमध्ये गुंडाळतात आणि जवळजवळ मुळापासून उजळतात. लहान केसांसाठी काही पार्लरमध्ये अजून भोकांची टोपी घालून आकड्याने बटा बाहेर ओढतात. ओम्ब्रेमध्ये मुळाकडचा भाग काळाच राहतो आणि टोकाकडे रंग हळूहळू फिका होत जातो. बालायाजमध्ये ब्रशने, मोकळ्या हाताने रंग ओढतात, त्यामुळे कुठून सुरू झाला ते चटकन दिसत नाही. हाताचं कसब लागतं, म्हणून दर जास्त.

दरात हा फरक दिसतो. खरा खर्च मात्र पुढे सुरू होतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे तीन महिन्यांत हायलाइट्सच्या मुळाशी तीन-साडेतीन सेंटीमीटर काळा पट्टा दिसतो आणि टचअपला जावंच लागतं. ओम्ब्रे-बालायाजची मुळं आधीच काळी असतात, त्यामुळे वाढ लपून जाते. पण पांढरे केस मुळाशीच उगवतात आणि तिथे ओम्ब्रेचा काही उपयोग नाही. पांढऱ्यांसाठी ओम्ब्रे सुचवणाऱ्याला थेट विचारा, ‘मग मुळांचं काय?’ उत्तरात ‘रूट टचअप वेगळा’ आलं, तर तुम्ही दोन कामांचे पैसे भरणार आहात. हायलाइट्सच्या फिक्या बटांमध्ये पांढरा केस मिसळून जातो. पांढरे थोडे असतील, तर सगळं डोकं डाय करण्यापेक्षा हा मार्ग चांगला.

आता दर. मुंबई-पुण्यात ढोबळ पट्टा असा धरा : गल्लीतल्या पार्लरमध्ये एका बटेचे दीडशे ते चारशे रुपये, अर्ध्या डोक्याचे हायलाइट्स दोन ते चार हजार, साखळी सलूनमध्ये पूर्ण हायलाइट्स चार ते आठ हजार, ओम्ब्रे किंवा बालायाज पाच ते बारा हजार. नावाजलेल्या स्टायलिस्टकडे पंधरा हजारांच्या पुढे. केस कंबरेपर्यंत असतील, तर प्रत्येक आकड्याच्या वरच्या टोकाची तयारी ठेवा. वेळही धरा : हायलाइट्सना दोन ते तीन तास, लांब काळ्या केसांच्या बालायाजला चार ते सहा.

दरपत्रकावर ‘पासून पुढे’ लिहिलेलं असेल, तर तो आकडा तुमचा नाही. तो खांद्यापर्यंतच्या, विरळ केसांचा असतो. खुर्चीत बसून ब्लीच लागल्यावर मध्येच उठता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी एकेक जोड पुढे येते. एक उदाहरण मांडतो. बालायाज सहा हजार म्हणून सांगितलं. टोनर बाराशे, कारण ब्लीचनंतर केस केशरी-पिवळे दिसतात आणि टोनरशिवाय रंग पूर्णच होत नाही. केस तुटू नयेत म्हणून बाँड ट्रीटमेंट पंधराशे. धुणं आणि ब्लो-ड्राय सहाशे. झाले नऊ हजार तीनशे. त्यावर पाच टक्के जीएसटी, चारशे पासष्ट. एकूण ९,७६५ रुपये. सांगितलेल्या सहा हजारांवर तीन हजार सातशे पासष्ट जास्त, आणि यात कुठेही बेकायदा काही नाही. फक्त आधी सांगितलेलं नाही.

म्हणून फोनवरच विचारा : ‘ताई, माझे केस कंबरेपर्यंत आहेत, टोनर, धुणं, ब्लो-ड्राय आणि टॅक्स धरून शेवटचा आकडा किती?’ केसांचा मागून काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि उत्तर लेखी मागा. दुसरी ब्लीच लागली तर तिचे पैसे वेगळे का, हेही त्याच संदेशात विचारा. जे सलून आकडा लिहून द्यायला तयार नाही, तिथे जाऊ नका.

जीएसटीबद्दल नीट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि सौंदर्यसेवांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर अजून १८ टक्के दिसले, तर सेवेवर की वस्तूवर, ते विचारा. बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला नसेल, तर ते पार्लर तुमच्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही. सेवा देणाऱ्या छोट्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, पण मग करही लावता येत नाही.

आता वर्षाचा हिशेब घाला. हायलाइट्स साडेपाच हजार, वर्षात चार टचअप प्रत्येकी तीन हजार धरले, तर साडेसतरा हजार. बालायाज साडेआठ हजार, दोनदा टोनर प्रत्येकी बाराशे, तर १०,९०० रुपये. आठ-नऊ महिन्यांनी एकदा ताजं करून घेतलंत आणि त्याचे साडेचार हजार गेले, तरी १५,४००. आकडे तुमच्या सलूनचे घाला. पहिल्या दिवशी महाग दिसणारं काम वर्षअखेर बहुतेकदा स्वस्त पडतं. दोन्हींत खर्च जड वाटत असेल, तर चेहऱ्याभोवतीच्या चार-सहा बटाच करून घ्या. बटेच्या दराने हजार-दोन हजारांत काम होतं आणि बांधलेल्या केसांतही त्याच दिसतात.

छटा निवडताना पैसे वाचतात किंवा वाया जातात. आपले काळे केस उजळताना आधी लाल, मग केशरी, मग पिवळे होतात. कॅरॅमल, मध, तांबूस तपकिरी या छटा या वाटेवरच्याच आहेत, त्यामुळे एका बैठकीत मिळतात. राखाडी, चंदेरी, गुलाबी हवे असतील, तर केस फिक्या पिवळ्यापर्यंत न्यावे लागतात. म्हणजे दोन बैठका, दुप्पट ब्लीच, आणि दोन-तीन आठवड्यांत धुऊन जाणारा रंग. इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवण्याआधी त्यातल्या बाईचे मूळ केस काळे होते का, ते बघा. केसांना कधीच डाय लागला नसेल आणि तुम्हाला फक्त दोन छटा उजळ तपकिरी हवा असेल, तर ब्लीचशिवाय, हाय-लिफ्ट रंगाने काम होतं का ते आवर्जून विचारा. केसही वाचतात, पैसेही. डाय लावलेल्या केसांवर मात्र नुसता फिका रंग लावून केस फिके होत नाहीत. तिथे ब्लीच लागतेच.

मेंदीबद्दल लपवू नका. शुद्ध मेंदीवर ब्लीच चढते, पण केशरी छटा चिवटपणे मागे राहते. नीळ मिसळलेल्या ‘काळ्या मेंदी’वर केस हिरवट दिसू शकतात. आणि पुडीत धातूचे क्षार असतील, तर ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होऊन केस तापतात आणि तुटतात. पुडीवर काय लिहिलंय यावर विसंबू नका. मानेजवळच्या आतल्या बटेवर चाचणी करायला अर्धा-पाऊण तास लागतो. पैसे मागितले तर द्या. हे पैसे फुकट जात नाहीत. केराटिन किंवा स्मूदनिंग नुकतंच झालं असेल, तर तेही सांगा आणि मध्ये काही आठवडे जाऊ द्या.

दुसरी चाचणी त्वचेची. ब्लीचनंतर टोनर किंवा रंग लागतोच, आणि कायमस्वरूपी रंगांतल्या पीपीडी या घटकाची ॲलर्जी अनेकांना असते. अठ्ठेचाळीस तास आधी कोपराच्या आत किंवा कानामागे थेंबभर रंग लावून बघा. काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी फोड आले असतील, तर ही चाचणी घरी करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ‘आमचा माल अमोनियाविरहित आहे, चाचणी कशाला?’ असं कोणी म्हणालं, तर ऐकू नका. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही.

डब्यावरचा आकडाही विचारा. ब्लीचमध्ये मिसळायचा डेव्हलपर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूममध्ये येतो, म्हणजे पेरॉक्साइड अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के. काम लवकर उरकायला टाळूजवळ ४० वापरत असतील, तर थांबवा. आग व्हायला लागली तर ‘पाच मिनिटं सोसा’ हे ऐकू नका, लगेच धुवायला सांगा. घरी ब्लीचचा संच आणून मागच्या बटा स्वतः करणं तर टाळाच. त्यात वाचलेल्या पाचशे रुपयांची दुरुस्ती सलूनमध्ये पाच हजारांत होते.

वेळ मंगळवार ते गुरुवार, सकाळची पहिली घ्या. गर्दी नसते, हात घाईत नसतो आणि अनेक ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवशी सवलत असते. लग्न असेल तर तीन आठवडे आधी करा, रंग पटला नाही तर दुरुस्तीला वाव राहतो. होळी-रंगपंचमीच्या आधी मात्र अजिबात नको. ब्लीच झालेले केस कोरडा रंगही धरून ठेवतात आणि तो सहज निघत नाही. पोहायला जात असाल तर टोपी हवीच, कारण तलावाच्या पाण्यातल्या तांब्याने फिके केस हिरवे पडतात. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल, तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

खुर्चीतून उठण्याआधी तुम्हाला दोन गोष्टी विकायचा प्रयत्न होईल : अडीच हजारांची शाम्पू-मास्कची जोडी आणि वर्षभराचं आगाऊ पॅकेज. सल्फेटविरहित शाम्पू लागतो, पण तो बाहेरही मिळतो. पॅकेज पहिल्याच भेटीत घेऊ नका. सलून बंद पडलं किंवा स्टायलिस्ट सोडून गेला, तर उरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

बिल मागाच, नुसती यूपीआयची पावती पुरत नाही. आधीचे, नंतरचे फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचा दर जपून ठेवा. दिल्लीतल्या एका केशकर्तन प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं, कारण एवढ्या नुकसानीला पुरावा हवा होता. तुमचं प्रकरण पाच-दहा हजारांचं असलं, तरी नियम तोच. काम बिघडलं तर आधी त्याच सलूनला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्या. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्क लागत नाही.