इलेक्ट्रॉनिक फ्यूज स्वतःच का जळतो?

नगरहून करंजी घाट ओलांडला की कल्याण–निर्मल महामार्ग तिसगावातून पुढे पाथर्डीकडे जातो. अशा रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्यांकडे आता नुसते हॉर्न आणि दिवे येत नाहीत. एलईडी बार, जीपीएस, अँप्लिफायर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक फ्यूजही येतो. मग एक नेहमीची तक्रार ऐकू येते : माल वाचवायला फ्यूज बसवला आणि फ्यूजच जळाला! कारागीर नवी चिप घालतो, काही दिवसांत गाडी पुन्हा दारात उभी. पैसे कोणी भरायचे यावरून वाद होतो आणि जुने गिऱ्हाईक तुटते.

यात चिप नेहमीच खोटी असते असे नाही. काचेचा फ्यूज हळू वितळतो. इलेक्ट्रॉनिक फ्यूजमधील मॉसफेट मात्र सुमारे एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, करंट तोडू शकतो. मोटरच्या पाइपलाइनचा कॉक एकदम बंद केला की पाइप कसा ठणकतो, ते आठवा. तारेतला करंटही असाच एकदम थांबायला तयार नसतो. बॅटरीपासून बोर्डापर्यंत जाण्या-येण्याची मिळून २ मीटर तार असेल, तर तिचे इंडक्टन्स अंदाजे २ मायक्रोहेन्री. त्यातून १० अँपिअर एका मायक्रोसेकंदात तोडले की २० व्होल्टचा झटका उठतो. त्यात बॅटरीचे १२ मिळवा : ३२ व्होल्ट. चिपची मर्यादा २० व्होल्ट असेल तर ती टिकेल कशी? थेट शॉर्ट झाल्यास करंट याहून जास्त असतो.

उपाय म्हणजे फ्यूजच्या इनपुटवर, प्लस आणि अर्थच्या मध्ये, टीव्हीएस डायोड; पट्टीची बाजू प्लसला. तो चिपला अगदी चिकटून हवा. लांब पाय ठेवून बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावला तर त्या पायांचेच इंडक्टन्स आडवे येते. जोडीला एक सिरॅमिक कपॅसिटरही जवळच द्यावा. आउटपुटकडे गोष्ट उलटी असते. लोडची तार करंट ओढतच राहते आणि आउटपुट शून्याच्या खाली जाते. तेथे शॉट्की डायोड लावावा, पट्टी प्लसकडे. हा डायोड स्वस्त आहे, आणि बहुधा तोच विसरला जातो.

किती व्होल्टचा टीव्हीएस घ्यावा, येथे खरी चूक होते. १२ व्होल्टची गाडी म्हणून १५ व्होल्टचा लावला, आणि गाडी बंद पडल्यावर कोणी ट्रकच्या २४ व्होल्टवरून स्टार्ट दिला, तर तो टीव्हीएस जळून शॉर्ट होतो. म्हणून गाडीच्या कामाला ६० व्होल्टची चिप आणि ३३ व्होल्टचा टीव्हीएस घ्यावा. ६०० वॉटच्या जातीचा हा डायोड ११ अँपिअरला झटका सुमारे ५३ व्होल्टवर अडवतो. चिपचे ओव्हरव्होल्टेज कट १६-१७ व्होल्टवर ठेवले की पुढचा मालही सुरक्षित. बॅटरीजवळ साधा ब्लेड फ्यूज हवाच. टीव्हीएस शॉर्ट झाला तर तार पेटू नये म्हणून तो लागतो.

दुसरा शत्रू सैल टर्मिनल. इंजिन चालू असताना बॅटरी सुटली तर अल्टरनेटरचा व्होल्टेज चढतो. आत संरक्षक डायोड असलेल्या अल्टरनेटरमध्ये तो ३५ व्होल्टच्या आसपास थांबतो. नसलेल्यात १०० पर्यंत जाऊ शकतो आणि ०.४ सेकंदापर्यंत राहतो. मायक्रोसेकंदाच्या झटक्याला पुरणारा छोटा टीव्हीएस तेथे जळणारच. अशा गाडीला लोड डंपसाठी बनवलेला मोठा टीव्हीएस घालावा. टर्मिनल आवळून देण्याचे काम तर फुकटचे आहे!

ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे नसतो. गाडी परत आली तर टीव्हीएसचा एक पाय सोडवून मीटर लावा. दोन्ही बाजूंनी बीप वाजली तर तो गेला. तो बदलल्याशिवाय नवी चिप घालू नये.