दुधाची पिशवी आणि शेवटची कडी

सकाळची लोकल पकडायच्या घाईत आपण चहा घशाखाली ढकलतो. त्यातलं दूध कसं आलं, हा प्रश्न कधी पडलाय? मलाही पडला नव्हता. पण गेल्या मे महिन्यात आमच्या मुलुंडच्या घरी दोन दिवस सलग दूध नासलं आणि आजी म्हणाली, "इंजिनिअर होतेयस ना? मग शोध कारण!"

दुधाचा प्रवास सहा टप्प्यांचा: संकलन केंद्र, टँकर, डेअरी, टेम्पो, दुकान, घर. केंद्रावर दूध सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच पुन्हा ४ अंशांवर आणतात. यालाच पाश्चरायझेशन म्हणतात. यात रोगजंतू मरतात, पण सगळेच जीवाणू मरत नाहीत. उरलेले ऊब मिळाली की वाढतात.

एका पहाटे मी खाली जाऊन बघितलं. दुधाचे क्रेट साडेचारला फुटपाथवर उतरले, पिशवी आमच्या दारात आली साडेसातला! समजा, जीवाणू दर अर्ध्या तासाने दुप्पट होतात. म्हणजे तीन तासांत ६४ पट.

आता थोडं गणित. प्रत्येक टप्पा ९५ टक्के भरवशाचा धरला, तर सहा टप्प्यांचा मिळून भरवसा फक्त ७३.५ टक्के! म्हणून शेवटी तपासणी करून भागत नाही, प्रत्येक कडी सांभाळावी लागते. १९६० च्या दशकात 'नासा'च्या अंतराळवीरांच्या जेवणासाठी याच विचारातून 'हॅसप' ही पद्धत तयार झाली.

"उकळलं की झालं," असं आजीचं मत. पण काही जीवाणूंनी दुधात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भेसळही जात नाही. पिशवीचा कोपरा कापून दूध काढायचं, पाणी भरायचं आणि पुन्हा सील करायचं, असे प्रकार अन्न व औषध प्रशासनाने मुंबईच्या उपनगरांत धाडी घालून अनेकदा पकडले आहेत. त्यासाठी वापरलेल्या पिशव्याही लागतात, त्या आपल्याच कचऱ्यातून जातात.

तेव्हा सील नीट बघा, गार पिशवीच घ्या आणि रिकामी पिशवी धुऊन, मधोमध कापून मगच टाका.

आमच्या दूधवाल्या काकांना मी ही ६४ पटींची गोष्ट सांगितली. आता ते पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवतात. त्यानंतर दूध नासलेलं नाही. आजीने मला पास केलंय, युनिव्हर्सिटीचं अजून बाकी आहे!